विश्लेषण : माणसांचे चेहरे रेखाटता रेखाटता चंद्राचे ‘व्यक्तिचित्र’ काढणारे जॉन रसेल कोण होते?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या काळात लंडनमध्ये रंगीत खडूंनी काढलेल्या व्यक्तिचित्रांना मोठी मागणी होती. या कलेत शेवटच्या काही दशकांत जॉन रसेल यांच्या तोडीचा चित्रकार इंग्लंडमध्ये नव्हता. ते राजघराण्याचे खडूचित्रकार होते आणि रॉयल अकादमीचे सदस्यही. मात्र दिवसभर श्रीमंतांचे, धर्मोपदेशकांचे आणि लहान मुलांचे चेहरे रंगवणारा हा माणूस वीस वर्षे रात्री दुर्बिणीपाशी बसून चंद्राचे निरीक्षण करत होता. कोळसा आणि खडू या साध्या साधनांनी त्यांनी काय साधले, त्यासाठी काय मोजले आणि चित्रकलेच्या इतिहासात ते मागे का पडले, याचा हा आढावा.

रसेल यांची सुरुवात कशी झाली?

लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात गिल्डफर्ड हे गाव आहे. तेथे २९ मार्च १७४५ रोजी जॉन रसेल यांचा जन्म झाला. वडील पुस्तके आणि छापील चित्रे विकत. गावात त्यांना मान होता आणि अनेकदा त्यांची महापौरपदी निवड झाली होती. त्यांना स्वतःलाही चित्रकलेची आवड होती, त्यामुळे मुलाच्या हाती पेन्सिल लवकर आली. १७५९ आणि १७६० या वर्षी, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचे असताना, रसेल यांच्या रेखाटनांना लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सची बक्षिसे मिळाली.

त्यानंतर त्यांना फ्रान्सिस कोट्स यांच्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. कोट्स हे त्या वेळी इंग्लंडमधील खडूचित्रांचे सर्वात नावाजलेले चित्रकार होते. पुढे १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत त्यांचा समावेश होता. रंग तयार करणे, कागद ताणून बसवणे, गिऱ्हाईकाला खुर्चीत कसे बसवायचे हे ठरवणे, असे सगळे काम उमेदवाराला गुरूच्या घरी राहून शिकावे लागे. रसेल तेथे हे सारे शिकले. १७६७ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. १७७० मध्ये कोट्स यांचे अकाली निधन झाले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी रसेल हेच स्वाभाविक नाव उरले.

खडूचे व्यक्तिचित्र म्हणजे नेमके काय?

पेस्टल हा शाळेच्या फळ्यावरच्या खडूचाच दूरचा नातेवाईक. रंगाची बारीक पूड आणि पांढरी माती यांत अगदी थोडा डिंकासारखा चिकट पदार्थ मिसळून, त्याच्या कांड्या वळून त्या वाळवल्या जातात. चिकटपणा मुद्दाम कमी ठेवतात, कारण कांडी कागदावर घासताच पूड सुटली पाहिजे. तेलरंगात रंगाचे कण तेलात बुडालेले असतात. पेस्टलमध्ये ते कोरडे आणि उघडे असतात. त्यांच्यावर पडणारा प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि त्यामुळे गालांची लव, केसांवरची पावडर, रेशमाची झळाळी या गोष्टी फार जिवंत दिसतात.

कामाची रीत ठरलेली होती. बहुधा निळसर, थोडा खरबरीत कागद घेऊन तो चौकटीवर ताणलेल्या कापडावर चिकटवत. सुरुवातीच्या कच्च्या रेषांसाठी कोळशाची कांडी सोयीची, कारण चूक झाली तर ती झटकून टाकता येते. चेहऱ्याची ठेवण पक्की झाली की रंगीत खडू हाती घ्यायचे. आधी सावल्या, मग उजेडाचे भाग. दोन रंग जेथे भेटतात तेथे बोटाच्या टोकाने ते हलकेच एकमेकांत मिसळायचे. या कलेत बोट हाच कुंचला.

या पद्धतीचे व्यवहारातील फायदेही मोठे होते. तेलरंग वाळण्याची वाट पाहावी लागे. येथे ती अडचण नव्हती. त्यामुळे गिऱ्हाईकाला कमी वेळा बसावे लागे आणि चित्र लवकर हाती मिळे. तोटा एकच, पण मोठा. ती पूड कागदावर नुसती टेकलेली असते. बोट लागले, धक्का बसला किंवा ओल शिरली की चित्र बिघडले. म्हणून चित्रावर काच लावणे भाग होते आणि मोठी, सपाट काच त्या काळी महाग होती.

युरोपात ही कला आधीच प्रतिष्ठा पावली होती. व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा, फ्रान्सचे मोरिस कांतँ द ला तूर आणि जिनिव्हाचे ज्याँ-एत्येन लिओतार ही तिची मोठी नावे. लिओतार तर लंडनमध्येही येऊन काम करून गेले होते. रसेल यांनी इंग्लंडमध्ये या परंपरेला पुढे नेले आणि तिचे नियम लिहूनही ठेवले. १७७२ मध्ये त्यांनी खडूचित्रांच्या तंत्रावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि १७७७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. कागद कसा निवडावा, कांड्या घरी कशा बनवाव्यात, कातडीचा रंग कसा उभा करावा, याची शिकवण त्यात होती. ज्या काळात चित्रकार आपल्या कृती गुपित ठेवत, त्या काळात हे पुस्तक आले, हे विशेष.

श्रद्धेमुळे धंद्याला फटका बसला का?

रसेल यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १७६४ मध्ये. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. जॉन वेस्ली, त्यांचे बंधू चार्ल्स आणि जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या प्रभावातून इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाची लाट आली होती. रसेल त्यात मनापासून सामील झाले. ही श्रद्धा त्यांनी घरापुरती ठेवली नाही. भेटेल त्याला धर्माच्या गोष्टी सांगणे आणि त्याने मार्ग बदलावा म्हणून आग्रह धरणे हे त्यांना कर्तव्य वाटे. याच कारणावरून गुरू कोट्स यांच्याशीही त्यांचे खटके उडाले.

चित्रकाराच्या दृष्टीने हे महागात पडणारे होते. श्रीमंत घराण्यांच्या वाड्यावर राहून घरातील सर्वांची चित्रे काढणे हा तेव्हाच्या व्यवसायाचा भाग होता. ससेक्समधील काउड्रे हाऊस येथे लॉर्ड माँटेग्यू यांच्याकडे ते असेच गेले. कुटुंबातील व्यक्तींची चित्रे त्यांनी काढली, पण त्यांच्या धर्मप्रचाराने यजमान वैतागले आणि आजूबाजूचे कॅथलिक शेजारीही. परतताना तर खुद्द गिल्डफर्डमध्ये, जन्मगावी, त्यांना मुक्कामाला जागा नाकारण्यात आली. रविवारी ते काम करत नसत आणि स्टुडिओही उघडत नसत. रविवारी सवड असलेल्या गिऱ्हाइकालाही सोमवारची वाट पाहावी लागे.

दुसरीकडे, ज्यांच्याशी त्यांचे मन जुळत होते त्यांनाही त्यांचा व्यवसाय खटकत होता. मेथडिस्ट चळवळीला आश्रय देणाऱ्या हंटिंग्डनच्या काउंटेस सेलिना यांनी वेल्समधील ट्रेवेका येथे धर्मोपदेशकांसाठी महाविद्यालय सुरू केले होते. रसेल यांनी चित्रकला सोडून तेथे यावे, असा त्यांचा प्रयत्न होता. रसेल यांनी तो मानला नाही. गिऱ्हाइकांना ते फार धार्मिक वाटत आणि धर्मबंधूंना फार ऐहिक. ही ओढाताण त्यांनी वर्षानुवर्षे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली, तीही लघुलिपीत. स्वतःच्या चुकांचा हिशेब मांडणाऱ्या त्या वह्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या कला ग्रंथालयात आहेत.

हीच श्रद्धा त्यांना काही महत्त्वाची कामेही देऊन गेली. वेस्ली कुटुंबातील व्यक्तींची त्यांनी चित्रे काढली. त्यांत १७७३ मधील जॉन वेस्ली यांचे चित्र प्रसिद्ध आहे. व्हाइटफील्ड आणि काउंटेस सेलिना हेही त्यांच्यासमोर बसले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुढे संसदेत लढलेले विल्यम विल्बरफोर्स यांना त्यांनी लहानपणीच, १७७० मध्ये, चित्रात उतरवले होते. एका पंथाच्या पहिल्या पिढीचे चेहरे आज ओळखता येतात, त्यात रसेल यांचा मोठा वाटा आहे.

राजदरबारापर्यंत ते कसे पोहोचले?

१७७० मध्ये रसेल यांचा विवाह हॅना फॅडन यांच्याशी झाला. फॅडन कुटुंब लंडनमध्ये चेरिंग क्रॉस येथे नकाशे आणि छापील चित्रे विकण्याच्या व्यवसायात होते. हे नाते रसेल यांना पुढे चंद्राच्या कामात उपयोगी पडले. त्यांना बारा मुले झाली आणि एवढ्या मोठ्या संसाराचा भार खडूंवरच होता.

अकादमीत त्यांची वाटचाल सावकाश झाली. १७७२ मध्ये ते सहयोगी सदस्य झाले, पण पूर्ण सदस्यत्वासाठी १७८८ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, थांबावे लागले. अकादमीचे अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या काळात तेलरंगातील मोठ्या ऐतिहासिक चित्रांना सर्वोच्च स्थान होते. व्यक्तिचित्रे त्याखाली आणि त्यातही खडूची चित्रे आणखी खाली मानली जात. रसेल मात्र वर्षामागून वर्षे प्रदर्शनात चित्रे पाठवत राहिले. त्यांची एकूण संख्या तीनशेहून अधिक भरते.

राजदरबाराचे दार एका डॉक्टरमुळे उघडले. १७८८ मध्ये राजा तिसरा जॉर्ज यांना मानसिक आजाराने ग्रासले. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. फ्रान्सिस विलिस यांचे चित्र रसेल यांनी १७८९ मध्ये काढले. ते राजाला आवडले आणि पाठोपाठ राणी शार्लट यांच्या चित्राचे काम आले. १७९० पासून रसेल राजाचे आणि युवराज प्रिन्स ऑफ वेल्सचे खडूचित्रकार म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्यासमोर केवळ राजेरजवाडे बसले असे नाही. ब्रायटनच्या समुद्रात हौशी मंडळींना स्नानासाठी उतरवणाऱ्या मार्था गन आणि ‘स्मोकर’ माइल्स यांचीही चित्रे त्यांनी काढली. चेरी घेतलेल्या लहान मुलीचे त्यांचे चित्र आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे.

मग चंद्राकडे त्यांची नजर का वळली?

रसेल यांनी तरुणपणी दुर्बिणीतून चंद्र पाहिला तो शुक्ल अष्टमीच्या सुमाराचा. खगोलाच्या दृष्टीने ही वेळ महत्त्वाची असते. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर समोरून पडतो, त्यामुळे सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास प्रकाश बाजूने येतो. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर डोंगरांच्या लांब सावल्या पडतात आणि विवरांच्या कडा उजळतात. छायाप्रकाशावरच ज्याची रोजीरोटी आहे, त्या चित्रकाराला हे दृश्य विसरता येणे कठीण होते.

तेव्हा उपलब्ध असलेले चंद्राचे नकाशे पाहून मात्र त्यांची निराशा झाली. त्यांत विवरे गोल रेषांनी आणि डोंगर ठरावीक खुणांनी दाखवलेले असत. जागा कळे, रूप कळत नसे. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेचे प्रमुख टॉमस हॉर्न्सबी यांना १७८९ मध्ये पाठवलेल्या पत्रात त्यांनी आपला हा उद्योग सविस्तर सांगितला. चंद्र जसा दिसतो तसा, तरीही मोजमापात अचूक, असा तो उभा करणे हे त्यांचे ध्येय होते.

योगायोग असा की, त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ त्यांच्या ओळखीचे होते. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांचे चित्र त्यांनी १७८८ मध्ये काढले आणि त्यात बँक्स यांच्या हाती चंद्राचे रेखाटन दिले. १७८१ मध्ये युरेनस ग्रह शोधणारे विल्यम हर्शेल यांचेही चित्र त्यांनी १७९४ मध्ये काढले. रसेल यांची दुर्बीणही हर्शेल यांच्या बनावटीची होती.

काम सोपे नव्हते. चंद्राची कला रोज बदलते, सावल्या तासातासाला सरकतात आणि लंडनचे आकाश ढगाळ. एखादे विवर हव्या त्या उजेडात पुन्हा पाहायचे तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे लागे, आणि त्या रात्री ढग आले तर आणखी एक महिना. दुर्बिणीला जोडलेल्या सूक्ष्ममापकाने ते ठिकाणांमधील अंतरे मोजत, जागच्या जागी पेन्सिलने रेखाटत आणि मग खडू हाती घेत. अशी सुमारे १८० रेखाटने एका जाड वहीत ऑक्सफर्डच्या विज्ञान इतिहास संग्रहालयात जपलेली आहेत. त्याच संग्रहालयात त्यांचे १७९५ मधील भव्य पेस्टल चित्र आहे. त्यात अष्टमी आणि पौर्णिमा यांच्या मधला चंद्र आहे. काळोखातून हळूहळू उजेडात येणारी चंद्राची कातडी त्यांनी माणसाच्या गालासारखीच, बोटाने रंग मिसळत, उभी केली आहे.

चंद्राच्या गोलाचा प्रयोग फसला का?

कागदावर थांबणे रसेल यांना पुरेसे वाटले नाही. १७९७ मध्ये त्यांनी सुमारे एक फूट व्यासाचा चंद्राचा गोल तयार करून प्रसिद्ध केला आणि त्याला ‘सेलेनोग्राफिया’ असे नाव दिले. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो असे म्हटले जाते, पण तो किंचित डोलत असतो. त्यामुळे कधी या कडेचा, कधी त्या कडेचा थोडा जास्त भाग दिसतो आणि एकूण सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग पृथ्वीवरून पाहता येतो. हे डोलणे समजावे म्हणून गोलाला पितळी यंत्रणा जोडलेली होती आणि सोबत पृथ्वीचा छोटा गोलही होता.

या गोलाची एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. चंद्राची पलीकडची बाजू त्यांनी कोरी ठेवली. ती कोणी पाहिलेली नव्हती. जुन्या नकाशांत अज्ञात जागा कल्पनेने भरण्याची पद्धत नवी नव्हती आणि एवढा मोठा भाग रिकामा ठेवल्याने विकायची वस्तू अपुरी दिसणार, हेही उघड होते. तरीही जे पाहिले नाही ते काढायचे नाही, हा नियम त्यांनी मोडला नाही. ती रिकामी बाजू माणसाने पहिल्यांदा पाहिली ती ऑक्टोबर १९५९ मध्ये, सोव्हिएत संघाच्या ‘ल्युना-३’ यानाने पाठवलेल्या छायाचित्रांतून.

व्यवसाय म्हणून हा प्रयोग चालला नाही. गोल महाग होता आणि बनवायला अवघड. आज त्याच्या मोजक्याच प्रती शिल्लक आहेत. तरीही रसेल यांनी काम थांबवले नाही. शेवटच्या वर्षांत त्यांनी चंद्राचे दोन मोठे छापील नकाशे तयार केले. एकात समोरून पडणाऱ्या प्रकाशातील चंद्र, दुसऱ्यात तिरप्या प्रकाशामुळे उठून दिसणारे उंचसखल भाग. पहिल्यात रंगछटा कळतात, दुसऱ्यात आकार कळतो.

शेवटची वर्षे कशी गेली?

१७९० नंतर रसेल यांचा बराचसा काळ इंग्लंडच्या उत्तर भागात, विशेषतः यॉर्कशरमध्ये, जाऊ लागला. लीड्स, हल यांसारख्या शहरांत व्यापारी वर्ग वाढत होता, त्याला चित्रे हवी होती आणि तेथे रसेल यांचे धर्मबंधूही होते. १८०३ मधील गंभीर आजारानंतर त्यांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले. समोर बसलेल्या माणसाला बोलते ठेवून त्याच्या चेहऱ्यावरचा भाव टिपणाऱ्या चित्रकारासाठी हा मोठा घाव होता. तरीही काम सुरूच राहिले. अखेर विषमज्वरासारख्या टायफस तापाने २० एप्रिल १८०६ रोजी हल येथे त्यांचे निधन झाले. तेथील होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्यांचे दफन झाले.

चंद्राचे दोन नकाशे एकत्र प्रसिद्ध झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांचा मुलगा विल्यम, जो स्वतःही चित्रकार होता, त्याने १८०९ मध्ये ते काम पूर्ण केले.

आज त्यांचे नाव मागे का पडले?

पहिले कारण पेस्टलचेच. एकोणिसावे शतक उजाडता उजाडता खडूच्या व्यक्तिचित्रांची फॅशन ओसरली. पावडर लावलेले केस, रेशमी झगे आणि मऊ छटा यांच्याशी ही कला जोडली गेली होती आणि तो समाजच बदलला. शिवाय अशी चित्रे संग्रहालयांना सतत मांडून ठेवता येत नाहीत. प्रकाशाने काही रंग उडतात आणि प्रवासातील हादऱ्यांनी पूड सुटते. त्यामुळे ती फार काळ अंधाऱ्या कपाटांत राहतात आणि प्रेक्षकांच्या नजरेआड गेलेला चित्रकार हळूहळू स्मरणातूनही जातो.

दुसरे कारण विज्ञानाचे. १८३० च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म बेअर आणि योहान मेडलर यांनी चंद्राचा अधिक तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला. १८४० मध्ये चंद्राचे छायाचित्र घेण्यात यश आले. हाताने काढलेला चंद्र मग खगोलशास्त्राला जुना वाटू लागला आणि कलेच्या इतिहासकारांना तो विज्ञानाचा विषय वाटला. दोन्ही घरांचा पाहुणा असलेल्या या कामाला हक्काचे घर बराच काळ मिळाले नाही. त्यांचे पहिले मोठे चरित्र आले तेही १८९४ मध्ये.

आता संग्रहालये ही चित्रे नव्याने पाहू लागली आहेत. रसेल यांचे माणसांचे चेहरे आणि त्यांचा चंद्र शेजारी ठेवले तर दोन्हींमागील शिस्त एकच असल्याचे दिसते. प्रकाश कोठून येतो ते आधी नीट पाहायचे, कोळशाची चुकीची रेष झटकून पुन्हा काढायची, आणि जेथे नजर पोहोचली नाही तेथे कागद कोरा ठेवायचा. दोनशे वर्षांनंतर त्यांच्या चंद्रावरील अनेक विवरे साध्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याला ओळखता येतात, ती या शिस्तीमुळेच.